पालखीचे विसावे वाढवण्याबाबत

३ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४.

कंपनीची साप्ताहिक सुट्टी. नवी वही. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरे लिहायला हरकत नाही.

सकाळी मोरिवलीला जुन्या घरी गेलो होतो. बाबांचा उजवा खांदा आता वर जात नाही. सदरा घालताना उजवी बाही आधी, मग डोके, मग उरलेले. मी मदत करायला गेलो तर हात झटकला.

यंदा चैत्र पौर्णिमेला गावदेवीची पालखी मी उचलायची असे त्यांनी सांगितले. पुढची उजवी दांडी आमच्या घराची. आजोबांची होती, नंतर अठ्ठेचाळीस वर्षे बाबांची. नियम तीन. देवळापासून शिवेपर्यंत खांदा दुसऱ्याला द्यायचा नाही. विसाव्याच्या जागेशिवाय पालखी टेकवायची नाही. आणि ज्याचा खांदा वाटेत सुटला, त्याच्या घराचा मान शेजारच्या घराला जातो. शेजारचे घर म्हणजे जयदेव, माझा चुलत भाऊ. दहावीला दोनदा बसला. आता लोकांचे स्लॅब टाकून देतो. मानेचा घेर माझ्या मांडीएवढा आहे आणि त्याचे त्याला कौतुकही आहे.

निघताना बाबा म्हणाले, "मी जिता असताना दांडी त्याच्या दारात नको जाऊ देऊ."

असली भावनिक वाक्ये मला आवडत नाहीत. चिखलोलीला परत येईपर्यंत रिक्षात चार वेळा आठवले.

वस्तुस्थिती: वय ४४. वजन ९१. शिक्षण बी.एस्सी. नोकरी एमआयडीसीत, धातूच्या चाचण्यांच्या लॅबमध्ये. ताकद म्हणजे काय हे गावात माझ्याइतके कोणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. हातात चौदा आठवडे. सोमवारपासून जिम.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ९, कंपनीत.

अंबरनाथ ईस्टला अल्पेशच्या जिममध्ये नाव घातले. नवरा-बायकोची एकत्र मेंबरशिप होती म्हणून किर्तीचेही घातले. ती बदलापूरला शाळेत शिकवते, तिला याची गरज नाही, पण फुकट का सोडा.

जिममधली पोरे म्हणजे विषय. दोन मिनिटे उचलतात, वीस मिनिटे आरशात बघतात. प्रीतम नावाचा एक आहे, तो स्वतःच्या दंडाचा फोटो काढून तो फोटो त्याच दंडाशेजारी धरून बघत होता.

अल्पेश उल्हासनगरचा. अर्धे हिंदी, अर्धे मराठी. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरची दांडी कमरेपर्यंत उचलणे. चाळीस किलो, पाचाचे तीन सेट. किर्तीने वीस. अल्पेशने तिची पाठ दहा मिनिटे सरळ करून घेतली. मला एकदाही टोकले नाही. माझी पोझिशन उपजतच बरोबर असावी.

शेवटी तो जे बोलला ते शब्दशः लिहून ठेवतो. "कैलासभाई, ताकद इथे नाय बनत. इथे तर आपण तोडतो. बनते घरी, झोपेत. हफ्त्यात तीन दिवस उठवा, बाकी आराम."

हे त्या पोरांना कळणे शक्य नाही. मला लगेच कळले. पोलादाचे काय वेगळे असते? ठोकून कडक होते, पण भट्टीत शांतपणे ठेवले नाही तर ठिसूळ राहते. सगळे गुण त्या शांततेत येतात. चाळीस किलो कोणीही उचलेल. खरे काम विश्रांतीचे आहे, आणि ते काळजीपूर्वक करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

७ जानेवारी.

बसता येत नाही. बसलो तर उठता येत नाही.

८ जानेवारी, बुधवार.

आज जिमचा दिवस. गेलो नाही. मांड्या दुखत आहेत.

हा आळस आहे का, असा प्रश्न स्वतःला स्पष्ट विचारला. उत्तर टाळले नाही. लॅबमध्ये तडा गेलेला नमुना आपण पुन्हा मशीनवर चढवतो का? नाही. मग मी कोण मोठा लागून गेलो? म्हणजे आळस नाही. हे लिहून ठेवले की मनाला शंका राहत नाही.

किर्तीच्याही मांड्या दुखत आहेत. ती गेली. शिकलेली बाई आहे, पण धातू हा विषय तिला नव्हता.

१५ जानेवारी, बुधवार.

दुखणे आठव्या दिवशी थांबले. या अनुभवातून एक पद्धत हवी हे लक्षात आले. अंदाजाने विश्रांती घेणे आणि अंदाजाने औषध घेणे सारखेच.

तक्ता तयार केला. कंपनीत आलेला माल तपासायचा जो फॉर्म आहे, त्याच धर्तीवर. पाच रकाने: सकाळची नाडी (७२ च्या आत), झोप (सात तास), अंगदुखी (नाही), पोट (साफ), मन (प्रसन्न). पाचही पास तर जिम. एक जरी नापास तर विश्रांती. खाली शेरा आणि सही. फ्रिजवर चिकटवला.

किर्तीने चहा गाळता गाळता वाचला. विचारले, "अहो, यात जिमला गेलो असा रकाना कुठंय?"

शेरा या रकान्यात येऊ शकते, असे सांगितले.

२५ जानेवारी, शनिवार.

सोमवारी नाडी ७६. बुधवारी झोप सहा तास चाळीस मिनिटे. वीस मिनिटे कमी पडली म्हणून दिवस सोडावा लागला. दुसरा कोणी असता तर सात लिहून मोकळा झाला असता. माझ्याच्याने ते होत नाही.

आज पाचही पास झाले, पण तपासणी संपेपर्यंत सहा पन्नास झाले आणि सातला कंपनीची बस. संध्याकाळी गेलो. पंचेचाळीस किलो. अल्पेशने विचारले, कुठे होता. रिकव्हरी, म्हटले. तो हसला. कौतुकाने असावे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

मोरिवलीत जयदेवचे काम चालू होते, कोणाच्या तरी दुसऱ्या मजल्याचे. सिमेंटच्या दोन गोण्या एकदम खांद्यावर घेऊन शिडी चढताना पाहिला. वॉर्मअप नाही, कूलडाउन नाही. वर जाऊन एकाला शिवीही दिली. म्हणजे श्वासावर नियंत्रण शून्य.

दुपारी भाकरी खाऊन टेम्पोखाली झोपला. तोंड उघडे. याला विश्रांती म्हणायची? नाडी मोजली नाही, वेळ लिहिली नाही. जनावरेही झोपतात.

उठल्यावर मला बघून म्हणाला, "दादा, पालखीचा टेन्शन नको घेऊ. मी मागंच हाय, टॉवेल घेऊन."

त्याने हे आधारासाठी म्हटले की दांडीवर डोळा ठेवून, यावर विचार केला. दोन्ही बाजू तपासल्या. डोळा ठेवूनच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज वस्तुनिष्ठ अभ्यास केला. देऊळ उघडून घेतले. लॅबमधला काटा नेला होता. पालखी सागाची, दोन्ही दांड्या तळातून जातात. चार टोके, चार माणसे. एकूण वजन १७२ किलो. म्हणजे माणशी ४३. मी पंचेचाळीस उचललेले आहेत. लेखी नोंद आहे. म्हणजे वजनाचा प्रश्न सुटला.

अंतर १,७४० मीटर. इथे खरा दोष सापडला. एवढ्या अंतरात विसावा फक्त एक. विहिरीजवळचा दगडी चौथरा. पालखी त्यावर टेकवतात, आरती होते, पुन्हा निघतात. बाकी सलग. हा शास्त्रीयदृष्ट्या रानटीपणा आहे. इतकी वर्षे कोणाच्या डोक्यात आले नाही की माणसाला दर दोनशे मीटरवर विश्रांती दिली तर तो कितीही चालेल. बाबांचा खांदा गेला त्याचे कारण देवी नाही, नियोजन.

चौथऱ्याची लांबी-रुंदी मोजली. २१० बाय १६० सेंटिमीटर. पालखी नीट बसते.

बाबा टेपचे एक टोक धरून उभे होते. म्हणाले, चौथरा उगाच नाय बांधला जुन्या लोकांनी. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक दगडामागे कारण दिसते. मी हो म्हटले आणि टेप गुंडाळली.

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

देवळात बैठक. अर्ज टाइप करून नेला होता. विषय: पालखीचे विसावे वाढवण्याबाबत. कार्य आणि विश्रांती यांचे प्रमाण, दोन आलेख, आणि तीन नवे विसावे सुचवले होते. विरोध होणार हे गृहीत धरून सहा मुद्द्यांची उत्तरेही तयार होती.

विरोध झाला नाही. जनूकाका समितीचे प्रमुख, त्यांनी आलेख उलटा धरून पाहिला आणि विचारले की नवा विसावा कोणाच्या दारात. मग सगळे एकदम बोलू लागले. देवी आपल्या दाराशी टेकणार म्हटल्यावर प्रत्येकाला शास्त्र पटले. तासाभरात तिनाचे आठ झाले. चौथरा धरून नऊ. आठवा जयदेवच्या दारात. अनुमोदन त्यानेच दिले.

एकट्या विठाकाकू कुरकुरल्या. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत. म्हणाल्या, "देवी फिराया निघते कं बसाया?" लोक हसले. अशा लोकांमुळे समाज मागे राहतो.

मी तीन मागितले होते, आठ मिळाले. यात माझा फायदा आहे म्हणून मी गप्प बसलो का, असे घरी आल्यावर स्वतःला विचारले. फायदा चारही खांद्यांचा आहे. सार्वजनिक काम.

५ मार्च, बुधवार.

अल्पेशला फोनवर सांगितले. (प्रत्यक्ष गेलो नाही, पोट.) तो म्हणाला, नऊ बार रखने का, मतलब नऊ बार उठाने का? म्हटले, हो, पण मध्ये नऊ वेळा विश्रांती. तो काहीतरी विचारत होता, जमिनीवरून का, असे काहीसे. रेंज गेली. पुन्हा लावला नाही. त्याचा विषय जिम आहे, पालखी नाही.

१४ मार्च, धुळवड, शुक्रवार.

किर्तीने काल ऐंशी किलो उचलले. अल्पेशने व्हिडिओ काढला. प्रीतम आणि इतर पोरांनी टाळ्या वाजवल्या, आरसा सोडून. मी दोनदा पाहिला. पाठ सरळ आहे, हे मान्य करावे लागेल.

पण तिची विश्रांती बघवत नाही. रविवारी दुपारी फोन बंद करून दोन तास गाढ झोपते. ना नोंद, ना नाडी. मंगळवारी व्यायाम नसतो तेव्हा मैत्रिणीबरोबर कोंडेश्वरला जाऊन भजी खाऊन आली. विश्रांती तिला येते, पण कळत नाही. माझे नेमके उलटे, असे ती म्हणाली. मग लगेच सॉरी म्हणाली. दोन्ही वेळा हसत होती.

१९ मार्च, बुधवार.

जिमला गेलो. उचलायला नाही, पोरांचे प्रबोधन करायला. अल्पेशने पाच मिनिटे दिली, मी पंचवीस घेतली. अति व्यायामाचे दुष्परिणाम, धातूचा थकवा, झोपेचे टप्पे. पोरे जमिनीवर बसली होती. दोघांनी डोळे मिटले, म्हणजे मुद्दा पोचत होता.

शेवटी प्रीतमने विचारले, "काका, तुम्ही किती मारता?"

तो आजचा विषय नाही, असे उत्तर दिले. काका हा शब्द अनावश्यक होता.

३० मार्च, गुढीपाडवा. सकाळी ११.

बारा आठवडे झाले. हिशोब प्रामाणिकपणे मांडतो. ठरलेले दिवस ३६. प्रत्यक्ष गेलो ६. त्यातला एक प्रबोधनाचा, म्हणजे ५. तक्ता मात्र एकही दिवस चुकला नाही. ७५ सह्या.

आकडे पुन्हा तपासले. मग स्वतःला विचारले: मी घाबरतो का? त्या दांडीला नाही, तर ती सुटेल आणि बाबा बघतील याला? न उचलणारा माणूस कधी हरत नाही, असे काही माझ्या मनात आहे का? हा प्रश्न चांगला आहे. किर्ती पुरणपोळीला हाक मारत होती म्हणून उठलो. चार खाल्ल्या. नंतर प्रश्न तितका तीव्र वाटला नाही.

शिवाय वाचले की मोठे खेळाडू स्पर्धेआधी दोन आठवडे व्यायाम निम्म्यावर आणतात. माझा आठवड्याला अर्ध्या दिवसापेक्षा कमी होता. त्याचा निम्मा म्हणजे व्यवहारात शून्य. आजपासून पूर्ण विश्रांती. पाचही रकान्यांत आता खाडा नको.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.

आज बारवी धरणाचे पाणी बंद. किर्तीने बिल्डिंगच्या खालच्या टाकीतून बादल्या भरून दुसऱ्या मजल्यावर आणल्या. मी हात लावला नाही. मनाला लागले, पण उद्याचा दिवस घराण्याचा आहे. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "आराम करा."

सलग पाच दिवस पाचही रकाने पास. नाडी ६४. असे जानेवारीपासून पहिल्यांदाच घडले आहे. आज गावात, किंबहुना अंबरनाथ तालुक्यात, माझ्याइतका ताजा माणूस नसेल.

जयदेव आजही स्लॅबवर होता म्हणे. आदल्या दिवशी! कीव येते.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी २.

रजा टाकली आहे. नाडी ६३. झोप साडेआठ तास. पोट साफ. मन प्रसन्न. पालखी पाचला निघेल.

१३ एप्रिल, रविवार. पालथे पडून लिहीत आहे.

अक्षर वाईट येईल.

निघालो तेव्हा सगळे उत्तम होते. ढोल, गुलाल. बाबा काठी घेऊन माझ्या उजव्या हाताला चालत होते. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्याकडे बघत होते. जयदेव मागे, घडी केलेला टॉवेल खांद्यावर. किर्ती बायकांत, आरतीचे ताट घेऊन.

दोनशे मीटरवर पहिला विसावा. लोकांनी दारात रांगोळी काढून पाट मांडला होता. पालखी पाटावर टेकवली. आरती. मग उचलायची.

इथे एक बाब नोंदवायला हवी. दांड्या तळातून जातात. पालखी पाटावर असली की दांडी जमिनीपासून वीतभर उंच असते. तिथून ती खांद्यापर्यंत आणायची. पहिल्यांदा आणली. दुसऱ्या विसाव्यालाही आणली. चालताना काही त्रास नव्हता. चालणे हा प्रश्नच नव्हता. तिसऱ्यांदा गुडघ्यातून आवाज आला. ढोल होते, कोणाला ऐकू गेला नाही.

दुसरी बाब. विसाव्याला देवीची ओटी भरतात. नारळ, तांदूळ, साडी. ते शिवेपर्यंत पालखीतून काढायचे नसते. विसावा एक होता तेव्हा ओट्या एका जागी भरायच्या, पाच-सहा. काल प्रत्येक विसाव्याला आजूबाजूची दहा-दहा घरे आली. माझे १७२ किलो रिकाम्या पालखीचे होते. चौथ्या विसाव्यापर्यंत नारळ चाळीसच्या वर गेले होते. मोजत होतो, कारण दुसरे काही सुचत नव्हते.

पाचवा विसावा, विहिरीजवळचा चौथरा. पालखी त्यावर सरकवली. आरती. पुन्हा निघताना गुडघे थोडे वाकवले, दांडी आपोआप खांद्यावर आली, चालू पडलो. उचलावेच लागले नाही. चौथरा छातीएवढा आहे. जुन्या लोकांनी खांद्याच्या उंचीचा हिशोब करून बांधलेला. मी त्याची लांबी घेतली होती. रुंदी घेतली होती.

बाबांकडे पाहिले नाही. ते पाहत असणार.

सहावा. सातवा. मागचे दोघे हळू आवाजात माझ्या अर्जाबद्दल बोलत होते. आलेखाचा उल्लेख आला.

आठवा, जयदेवच्या दारात. नारळ सत्तरच्या पुढे. आरती संपली. वाकलो, दांडी धरली, आणि कमरेत काहीतरी सुटले. वेदना म्हणत नाही. एखादा नमुना मशीनवर तुटतो तेव्हा आलेखाची रेघ जशी एकदम खाली येते, तसे. पुन्हा प्रयत्न केला. मग गुडघे टेकले. लोकांना आधी वाटले, नमस्कार करतो आहे.

ढोल थांबले. जयदेव पुढे आला. दांडी त्याच्याच दारात होती. बाबांनी नको म्हटलेले शब्दशः घडत होते, आणि ती जागा मीच अर्ज करून तिथे नेली होती. बाबांचा उजवा हात वर यायला बघत होता आणि येत नव्हता.

किर्तीने ताट विठाकाकूंच्या हातात दिले. पदर खोचला. बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मान घराचा का माणसाचा?"

बाबांनी आधी दांडीकडे पाहिले, नंतर तिच्या खांद्याकडे. एवढा वेळ मी जमिनीवर होतो. मग म्हणाले, "घराचा."

जनूकाका काहीतरी बोलायला लागले होते, पण विठाकाकूंनी त्यांच्या दिशेने ताट धरले आणि म्हणाल्या, "मंग बगता कं? देवी पन बाईच हाय. उचल गो."

पायांत खांद्यांएवढे अंतर, पाठ सरळ, नजर समोर. अल्पेशने शिकवले तसे, एकही गोष्ट न गाळता. दांडी कमरेला, कमरेवरून खांद्याला. बाकी तिघांना तिच्याबरोबर उठावे लागले. जयदेवने टॉवेल तिच्या खांद्यावर ठेवला, "वहिनी, घ्या, टोचंल," म्हणाला, आणि मागे सरला. टॉवेलच्या स्वच्छतेबद्दल मला शंका होती. व्यक्त केली नाही. जानेवारीपासून त्याच्याबद्दल जे लिहिले आहे ते तपासावे लागेल. आज नको.

ढोल सुरू झाले. बाबा काठी टेकत तिच्या उजव्या हाताला चालू लागले. पालखी निघून गेली. मी जयदेवच्या पायरीवर. त्याच्या आईने चहा दिला. साखर जास्त होती.

सगळ्या वाटेत पूर्ण विसावा मिळालेला तो मी एकटा.

१५ एप्रिल, मंगळवार.

बदलापूरला डॉक्टरांकडे. ऋतिका नावाची तरुण मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची असावी. स्नायू ओढला गेला आहे, गंभीर काही नाही. मी म्हटले, विश्रांतीची काळजी करू नका, त्यात माझा बराच अभ्यास आहे.

ती म्हणाली, विश्रांती नको. आडवे पडून राहायचे नाही. आजपासून चालायचे, शुक्रवारपासून हलके वजन उचलायचे, अर्ध्या बादलीपासून. पाठीचे स्नायू वापरातच नाहीत, असे तिचे निदान.

व्यायाम करता का, तिने विचारले. सध्या रिकव्हरीत आहे, म्हटले. कधीपासून? जानेवारीपासून.

तिने ते लिहून घेतले.

१८ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.

बाबांचा फोन आला. किर्तीसाठी होता, चुकून मी उचलला. समितीने नवे आठ विसावे रद्द केले, एकमताने. अनुमोदन पुन्हा जयदेवचे. पुढच्या वर्षी दांडी किर्तीच्या नावावर. बाबांचा आवाज चांगला होता. माझी पाठ विचारली. मग म्हणाले, बरा झालास की ये, चौथऱ्याची एक बाजू मोजायची राहिली आहे. मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकले, त्यामुळे रागावता आले नाही. प्रयत्न केला होता.

फ्रिजवरचा तक्ता उलटा चिकटवलेला दिसला. मागच्या कोऱ्या बाजूला किर्तीच्या अक्षरात दोनच रकाने: उचलले, झोपले.

आज पुन्हा पाणी बंद. किर्तीचा विश्रांतीचा दिवस. ती आत झोपली आहे, फोन बंद. पाणी मी भरायचे आहे. सात बादल्या लागतात. अर्ध्या अर्ध्या, म्हणून चौदा फेऱ्या. सहा झाल्या.

प्रत्येक फेरीला पहिल्या मजल्यावर दम लागतो. तिथे बादली जमिनीवर ठेवत नाही. जिन्याच्या खिडकीला कट्टा आहे, त्यावर टेकवतो.

उंची ९४ सेंटिमीटर. मोजली.